करडा हल्क आणि ट्रंकेतले अंक

आमचे गाव आर्वी तालुक्यात आहे आणि गावात मोबाइलची रेंज नीट मिळते ती दोनच जागी, पाण्याच्या टाकीजवळ आणि आमच्या वावरातल्या विहिरीपाशी. शेतीची लाईन आठवड्यातले काही दिवस रात्रीच असते, त्यामुळे गहू आणि हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत मी जेवण आटोपून विहिरीवर जातो, मोटर सुरू करतो आणि स्प्रिंकलरचे पाईप हलवण्याची वेळ होईपर्यंत तिथेच बसून राहतो. मागच्या तीन हिवाळ्यांत हा वेळ मी एकाच कामाला दिला आहे. कॉमिक्समधले सुपरहीरो आणि खलनायक यांच्याविषयीचे प्रश्न तयार करायचे, ते व्हॉट्सॲपवर आमच्या मंडळींना घालायचे, त्यांचे प्रश्न सोडवायचे आणि प्रत्येक उत्तराचा पुरावा शोधायचा, असे ते काम आहे.

मंडळी म्हणजे आम्ही चौदा जण. सुरुवात माझ्या पुतण्याने केली, तो नागपूरला अभियांत्रिकी शिकतो. त्याच्यामागे त्याचे दोन मित्र आले, मग चांदूर रेल्वेकडचे एक एस.टी. वाहक, मोर्शीचे एक निवृत्त गुरुजी, तळेगावच्या एक अंगणवाडीताई आणि त्यांची नववीतली मुलगी असे एकेक जण जोडले गेले. यांतल्या निम्म्या लोकांना मी अजून प्रत्यक्ष भेटलेलो नाही, पण कोणाला कोणता खलनायक प्रिय आहे, हे मी झोपेतही सांगू शकेन.

माझा या विषयाशी संबंध मात्र मोबाइलच्या फार आधीचा आहे. माझे बाबा प्राथमिक शिक्षक होते. नोकरी लागली तेव्हा त्यांचे इंग्रजी कच्चे होते आणि ते सुधारावे म्हणून ते पुलगावच्या स्टेशनवरून इंद्रजाल कॉमिक्सचे इंग्रजी अंक आणत. इंद्रजालचा पहिला अंक मार्च १९६४ मध्ये निघाला, तो वेताळाचा, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमचा होता, आणि पुढचे एकतीस अंकही वेताळाचेच होते. त्यानंतर जादूगार मँड्रेक आणि इतर नायक त्यात येऊ लागले, १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर आला. बाबांनी हे अंक एका लोखंडी ट्रंकेत, कडुलिंबाचा पाला घालून जपून ठेवले होते. मी चौथीत गेल्यावर ट्रंकेला हात लावण्याची परवानगी मला मिळाली. पुढे आर्वीच्या एस.टी. स्टँडजवळच्या एका दुकानात दिवसाला पन्नास पैसे भाड्याने हिंदी कॉमिक्स मिळू लागली, तेव्हा नागराज, सुपर कमांडो ध्रुव आणि चाचा चौधरी यांची त्यात भर पडली. आमच्या भागात हिंदी कानावर इतकी असते की, ती वाचताना आपण दुसरी भाषा वाचतो आहोत असे कधी वाटलेच नाही.

एवढे वाचन पाठीशी असल्यामुळे मला सगळे येते, अशी माझी समजूत होती. ती पहिल्याच आठवड्यात मोडली. पुतण्याने विचारले, "काका, स्पायडर-मॅनच्या पहिल्या कथेत 'मोठ्या शक्तीबरोबर मोठी जबाबदारीही आलीच पाहिजे' हे वाक्य कोण बोलते?" मी क्षणाचाही विलंब न करता लिहिले की, त्याचे काका, अंकल बेन. वाहकभाऊंनीही तेच लिहिले, गुरुजींनीही. पुतण्याने त्या पानाचा फोटो टाकला. ऑगस्ट १९६२ च्या अमेझिंग फँटसीच्या पंधराव्या अंकातली ती कथा स्टॅन ली यांनी लिहिली आणि स्टीव्ह डिटको यांनी काढली. तिच्या शेवटच्या चौकटीत पीटर, म्हणजेच स्पायडर-मॅन, अंधाऱ्या रस्त्याने एकटा निघून जातो आहे आणि ते वाक्य कोणाच्याही तोंडी नाही, ते निवेदकाचे आहे. तोवर काका मरण पावलेले आहेत. काकांच्या तोंडी ते वाक्य पुढे घातले गेले आणि २००२ च्या चित्रपटाने ते जगभर तसेच रूढ केले. आम्ही तिघांनीही चित्रपट आठवला होता आणि आपण पुस्तक आठवतो आहोत असे समजलो होतो.

त्या रात्री मला चुकल्याचे वाईट वाटले, पण त्याहून अधिक एका गोष्टीने मला अस्वस्थ केले. जी चौकट मी कधी पाहिलीच नव्हती, ती मी पाहिली आहे, अशी माझी पक्की खात्री होती. मग माझ्या आठवणीतल्या बाकीच्या किती चौकटी खऱ्या असतील? दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांपुढे एक नियम मांडला आणि तो मान्य झाला. उत्तर देणाऱ्याने कॉमिकचे नाव, अंकाचा क्रमांक आणि मुखपृष्ठावरचा महिना सांगायचा, आणि शक्य असेल तर ती चौकट दाखवायची. पुरावा नसेल तर उत्तर बरोबर असले तरी ते 'ऐकीव' या खात्यात जाईल. हे खाते आम्ही मनापासून पाळतो. उदाहरणार्थ, सुपरमॅनचा शत्रू लेक्स लूथर १९४० मध्ये पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या डोक्यावर लालसर केस होते, हे चौकटीत दिसते, म्हणून ते पक्के. पुढच्याच वर्षी त्याला टक्कल पडले, हेही दिसते. पण हे टक्कल एका चित्रकाराच्या गफलतीतून पडले असे जे सर्वत्र सांगितले जाते, ते आम्ही ऐकीव खात्यात ठेवले आहे, कारण गफलत चौकटीत दिसत नाही.

नियम करणे सोपे होते, तो पाळताना काय काय शिकावे लागते हे हल्क नावाच्या धिप्पाड नायकाच्या प्रश्नाने दाखवले. प्रश्न अंगणवाडीताईंच्या मुलीचा होता: "हल्क पहिल्या अंकात कोणत्या रंगाचा होता?" पुतण्याने उत्तर दिले, करडा. मोर्शीच्या गुरुजींनी ठामपणे लिहिले, हिरवा, आणि सोबत आपल्याजवळच्या पुस्तकाच्या पानाचा फोटो टाकला. ते पुस्तक त्यांनी तरुणपणी नागपूरच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारातून घेतले होते, त्यात पहिल्या अंकाची कथा जशीच्या तशी होती आणि हल्क त्यात नखशिखान्त हिरवा होता. पुतण्याने आपल्या मोबाइलमधले पान दाखवले, कथा तीच, चौकट तीच, आणि हल्क करडा. दोघांजवळ पुरावा होता आणि दोघांचेही पुरावे खरे होते. गुरुजी वयाने मोठे, पुतण्याचा स्वभाव तापट, त्यामुळे मी दोघांनाही दोन दिवस थांबण्याची विनंती केली आणि स्वतः शोधाला लागलो.

मे १९६२ च्या पहिल्या अंकात स्टॅन ली यांना हल्क करडाच हवा होता, म्हणजे तो कोणत्याही एका वंशाच्या माणसासारखा दिसणार नाही. रंग देण्याचे काम स्टॅन गोल्डबर्ग यांच्याकडे होते आणि करडा छपाईत एकसारखा येत नव्हता. एका पानावर तो फिकट, दुसऱ्या पानावर जवळजवळ काळा, आणि एखाद्या ठिकाणी तर हिरवटसुद्धा उमटला. म्हणून दुसऱ्या अंकापासून हल्क हिरवा केला गेला. इथपर्यंत पुतण्याची बाजू खरी होती. पण पुढे हीच कथा पुन्हा छापताना हल्क हिरवाच असतो हे धरून प्रकाशकांनी पहिल्या कथेतला करडा रंग बदलून हिरवा करून टाकला आणि कित्येक वर्षे तो तसाच छापला जात राहिला. मूळचा करडा पुनर्मुद्रणांत सर्रास परतला तो १९८० च्या दशकात. गुरुजींचे पुस्तक त्याआधीचे होते.

तरीही एक शंका मला सोडेना. काळा, निळा, लाल हे रंग नीट छापता येतात, मग करड्यानेच असा त्रास का द्यावा? आर्वीला बियाणे आणायला गेलो तेव्हा लग्नपत्रिका छापणाऱ्या एका ओळखीच्या प्रेसवाल्याकडे मी मुद्दाम थांबलो आणि त्यांना विचारले. त्यांनी एक जुनी पत्रिका काढून दाखवली. रंगीत छपाईत करडा हा निळा, लाल आणि पिवळा या तीन शाईंच्या समतोलातून येतो, त्यांतली एक शाई जराशी जास्त पडली की करडा लगेच त्या बाजूला झुकतो, कधी जांभळट होतो, कधी हिरवट. कागद हलका असेल तर शाई अधिक पसरते आणि हा झुकाव आणखी वाढतो. "हिरव्यात थोडं इकडेतिकडे झालं त दिसत नाही भाऊ, करड्यात लगेच दिसते," ते म्हणाले. न्यूयॉर्कमध्ये साठ वर्षांपूर्वी हल्कचा रंग का बदलला, याचे उत्तर मला आर्वीतल्या एका लग्नपत्रिकेवर मिळाले याचा मला फार आनंद झाला. त्या रात्री विहिरीवर बसून मी हे सगळे सविस्तर लिहिले. गुरुजींनी उत्तरात लिहिले की, आपले पुस्तक चुकीचे नाही, पण ते दुसऱ्यांदा सांगितलेले आहे, हे आपल्याला पन्नास वर्षांनी कळले. तेव्हापासून पुराव्याच्या नियमात आणखी एक कलम आले: पान मूळ अंकाचे आहे की पुनर्मुद्रणाचे, हे सांगायचे.

हे कलम पाळणे खर्चाचे आहे हेही सांगितले पाहिजे. मूळ अंक आमच्यापैकी कोणालाही परवडणारे नाहीत. आम्ही पाच जणांनी मिळून एका प्रकाशकाच्या अधिकृत सेवेची वर्गणी भरली, दोन जाड संग्रह नागपूरला सीताबर्डीवरून घेतले, आणि ते एस.टी. वाहकभाऊंच्या हातून एका गावाहून दुसऱ्या गावी फिरतात. चोरून टाकलेली पाने आम्ही वापरत नाही. ज्या माणसांनी ही पात्रे घडवली त्यांतल्या अनेकांना हयातीत त्यांचे श्रेयसुद्धा मिळाले नाही. मे १९३९ मध्ये बॅटमॅन आला तेव्हा त्याच्या घडणीत बिल फिंगर यांचा वाटा बॉब केन यांच्याइतकाच मोठा होता, पण निर्माता म्हणून फिंगर यांचे नाव अधिकृतपणे छापले जाऊ लागले ते २०१५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. हे कळल्यापासून आमच्याकडे बॅटमॅनच्या कोणत्याही प्रश्नात निर्माते दोन लिहिले जातात.

प्रश्न सोडवण्यापेक्षा प्रश्न तयार करणे कठीण आहे, हे मला दुसऱ्या हिवाळ्यात कळले. चांगल्या प्रश्नाला उत्तर एकच असावे लागते, आणि त्याच्या वाटेत सर्वांत जास्त अडथळे आणणारा शब्द म्हणजे 'पहिल्यांदा'. वूल्व्हरिन हा नायक पहिल्यांदा कोणत्या अंकात आला, असे मी एकदा सहज विचारले. तीन जणांनी हल्कचा १८१ वा अंक सांगितला, दोघांनी १८० वा. दोन्ही बरोबर होते, कारण १८० व्या अंकाच्या शेवटच्या चौकटीत तो नुसता दिसतो आणि १८१ व्यात त्याची खरी कथा आहे. व्हेनमचेही तसेच. स्पायडर-मॅनचा काळा पोशाख १९८४ मध्ये आला, तो पोशाख म्हणजे एक सजीव प्राणी आहे हे नंतर उघड झाले, आणि त्याचा धनी बदलून व्हेनम हा खलनायक पूर्ण रूपात उभा राहिला तो १९८८ च्या तीनशेव्या अंकात. पहिल्यांदा म्हणजे यांतले नक्की कोणते?

माध्यम बदलले की गोंधळ आणखी वाढतो. सुपरमॅनला निष्प्रभ करणारा क्रिप्टोनाइट नावाचा दगड मी आयुष्यभर कॉमिक्समधला समजत होतो, पण तो आधी रेडिओवरच्या मालिकेत १९४३ मध्ये आला आणि कॉमिक्समध्ये त्यानंतर सहा वर्षांनी, १९४९ मध्ये. बॅटमॅनचा शत्रू जोकर याची साथीदार हार्ली क्विन १९९२ च्या कार्टून मालिकेसाठी जन्मली आणि तिथे ती इतकी आवडली की, पुढच्या वर्षी तिला कॉमिक्समध्ये घ्यावे लागले. म्हणजे नदी उलटीही वाहते. आता आमच्या प्रश्नांत 'कॉमिक्समध्ये पहिल्यांदा', 'पडद्यावर पहिल्यांदा' असे स्पष्ट लिहिलेले असते.

तारखांचा घोळ मात्र मला सर्वांत उशिरा उलगडला. सुपरमॅन ज्या अंकात पहिल्यांदा आला, त्यावर जून १९३८ छापलेले आहे आणि तो विक्रीला एप्रिलमध्येच आला होता. कॅप्टन अमेरिका ज्या अंकात हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारतो, त्यावर मार्च १९४१ आहे, पण तो डिसेंबर १९४० मध्येच लोकांच्या हातात होता, म्हणजे अमेरिका महायुद्धात उतरण्याच्या जवळजवळ वर्षभर आधी. मुखपृष्ठावरची तारीख मुद्दाम पुढची टाकत असत, म्हणजे विक्रेता अंक शिळा समजून लवकर परत पाठवणार नाही. दिवाळी अंकांच्या व्यवहाराची थोडी कल्पना असल्यामुळे मला हे लगेच पटले.

आमच्या गप्पांत नायकांपेक्षा खलनायकांचे प्रश्न अधिक असतात, आणि ते स्वाभाविक आहे असे माझे मत आहे. नायक काय करील हे बहुधा ठाऊक असते, पण खलनायक का बिघडला हे शोधावे लागते. नागराजचीच गोष्ट घ्या. त्याला प्राध्यापक नागमणीने अतिरेक्यांना भाड्याने देण्यासाठी घडवले होते, बाबा गोरखनाथांनी त्याला त्या ताब्यातून सोडवले म्हणून तो नायक झाला. नागमणीला फक्त पैसा हवा होता, त्याच्यात दुसरे काही नाही, म्हणून तो लक्षात राहतो पण मनात राहत नाही. याच्या उलट बॅटमॅनचा मिस्टर फ्रीझ. १९५९ मध्ये तो आला तेव्हा त्याचे नाव मिस्टर झीरो होते आणि तो बर्फाची बंदूक घेऊन चोऱ्या करणारा एक साधा चोर होता. तेहतीस वर्षांनी, हार्ली क्विन जिथून आली त्याच कार्टून मालिकेत, त्याला एक आजारी बायको मिळाली. उपचार सापडेपर्यंत तिला वाचवण्यासाठी तो तिला गोठवून ठेवतो आणि त्या धडपडीत स्वतः कायमचा थंड होऊन बसतो. हे मी आमच्या मंडळींना सांगितले तेव्हा अंगणवाडीताईंनी बराच वेळ काही लिहिले नाही, मग फक्त एवढे लिहिले की, याला खलनायक म्हणणे त्यांना जमणार नाही.

जोकरचे तर जगणेच योगायोगावर अवलंबून होते. १९४० च्या वसंतात बॅटमॅनच्या पहिल्या स्वतंत्र अंकात त्याच्या दोन कथा होत्या आणि दुसऱ्या कथेच्या शेवटी तो मरणार होता. संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी हे पाहिले आणि तो वाचला असल्याची चौकट शेवटी घालायला लावली. एका चौकटीमुळे ऐंशी वर्षांहून अधिक काळ तो जिवंत आहे. चाचा चौधरींच्या राका डाकूला मरण नाही ते चक्रमाचार्यांच्या औषधामुळे, जोकरला नाही ते एका संपादकामुळे, असे वाहकभाऊंनी लिहिले होते. ते वाक्य मी जपून ठेवले आहे.

या सगळ्या देवाणघेवाणीत ज्या एका प्रश्नावर आमच्याकडे सर्वांत जास्त बोलणे झाले, तो होता दुसऱ्या रॉबिनचा. १९८८ मध्ये बॅटमॅनचा साथीदार जेसन टॉड याने जगावे की मरावे, हे प्रकाशकांनी वाचकांच्या मतावर सोडले. दोन फोन क्रमांक दिले होते आणि प्रत्येक फोनला पन्नास सेंट पडत होते. मरावे म्हणणारी मते ५,३४३ आणि जगावे म्हणणारी ५,२७१. बहात्तर मतांनी तो मेला. आमच्या भागात ग्रामपंचायतीची एखादी जागा याहून कमी मतांनी जाते, त्यामुळे बहात्तर हा आकडा किती लहान आहे आणि किती मोठा, हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. नववीतल्या मुलीने विचारले, "ज्यांनी मरावे म्हणून फोन केला, त्यांना नंतर कसे वाटले असेल?" याचा पुरावा कोणाजवळ नव्हता. तो प्रश्न आम्ही ऐकीव खात्यातही टाकू शकलो नाही. तो तसाच राहिला आहे.

वाचकांनी चुका शोधाव्यात ही परंपरा जुनी आहे, हे कळल्यावर आम्हाला आमच्या उद्योगाचा अभिमान वाटू लागला. १९६४ मध्ये स्टॅन ली यांनी काही अंकांत ब्रूस बॅनरला, म्हणजे ज्याचा हल्क होतो त्या माणसाला, चुकून बॉब बॅनर लिहिले, वाचकांनी ते पकडले, आणि मग त्याचे पूर्ण नाव रॉबर्ट ब्रूस बॅनर आहे असे जाहीर करून त्यांनी ती चूक कायमची आपलीशी केली. चूक शोधून तिचे समर्थनही शोधणाऱ्या वाचकांना ते नो-प्राइज पाठवत, म्हणजे आत काहीही नसलेला एक लिफाफा. आमच्या वाहकभाऊंना असा एखादा लिफाफा मिळायला हवा होता, असे मला अनेकदा वाटले आहे.

तिसऱ्या हिवाळ्यात पुतण्याच्या मित्राने एक प्रश्न टाकला: वेताळाचे जंगल कोणत्या देशात आहे? त्याचे उत्तर तयार होते, बंगाला. ली फॉक यांनी १९३६ मध्ये वेताळ सुरू केला, आणि त्याच्या इंग्रजी पट्ट्यांत देशाचे नाव पुढे तसेच रूढ झाले. पण मला स्पष्ट आठवत होते की, मी लहानपणी वाचलेल्या अंकांत ते डेंकाली होते. आठवणीवर विश्वास ठेवायचा नाही हे मी आता शिकलो होतो, म्हणून सकाळी कित्येक वर्षांनी ट्रंक उघडली. पाल्याचा चुरा झाला होता, पण अंक शाबूत होते. डेंकाली छापलेले होते. भारतातल्या वाचकाला बंगालची आठवण होऊ नये म्हणून इंद्रजालमध्ये ते नाव बदलले होते, आणि तशाच कारणाने सिंग नावाच्या समुद्री चाच्यांचे सिंगा चाचे झाले होते. मी चौकटींचे फोटो टाकले. इतर सर्व पुरावे दुसऱ्यांच्या पुस्तकांतले होते, हा आमच्या घरातला होता.

अंक परत लावताना तळाशी बाबांची वही सापडली. त्यांनी प्रत्येक अंकाचा क्रमांक, घेतल्याची तारीख आणि कोणाला वाचायला दिला हे शाळेच्या हजेरीपटासारखे लिहून ठेवले होते. १२३ आणि १२४ या दोन क्रमांकांपुढे तारीख नव्हती, त्यांच्या एका शिक्षक मित्राचे नाव होते आणि त्याखाली दोनदा रेघ मारली होती. ही गोष्ट मला लहानपणापासून ऐकून माहीत होती. ट्रंकेत हे दोन अंक नाहीत, ते त्या मित्राने नेले आणि परत केले नाहीत, अशी बाबांची खात्री होती. मित्र नेहमी नाही म्हणत असे. भांडण कधी झाले नाही, पण त्यानंतर बाबांनी त्याला एकही अंक वाचायला दिला नाही.

हे दोन अंक कुठे पाहायला मिळतील का, असे मी मंडळींना विचारले. गुरुजींनी दुसऱ्याच दिवशी कळवले की, इंद्रजालचे एकूण ८०३ अंक निघाले आणि शेवटचा क्रमांक मात्र ८०५ धरला जातो, कारण संपामुळे १२३ आणि १२४ हे अंक छापलेच गेले नाहीत. मी त्यांना नियमाप्रमाणे पुरावा मागितला. त्यांनी अंकांच्या दोन वेगवेगळ्या संग्राहकांनी केलेल्या याद्या पाठवल्या, दोन्हींत १२२ नंतर १२५ होता. मी ट्रंकेतला १२२ वा आणि १२५ वा अंक काढून शेजारी शेजारी ठेवले आणि बाबांना बोलावले.

बाबा आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांनी चष्मा लावून मोबाइलवरची यादी वाचली, मग दुसरी वाचली, मग वही मागून घेतली आणि त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसून राहिले. नंतर म्हणाले, "त्याले फोन लाव."

त्यांचे मित्र आता वर्ध्याला मुलाकडे असतात आणि त्यांना कमी ऐकू येते, त्यामुळे बाबांना मोठ्याने बोलावे लागले. "अरे, ते एकशे तेवीस न् एकशे चोवीस निघालेच नव्हते! छापलेच नाहीत त्यायनं!"

पलीकडून थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग आवाज आला, "म्या तवाच सांगतलं होतं न तुले."

"सांगतलं होतं," बाबा म्हणाले.

"मंग एकशे पंचवीस आहे का तुह्याजवळ?"

"आहे. ये वाचाले."